वारा रेषेतच होता

धामणगाव बढे
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय देवानंद,

सुरुवातीला काय लिहावं यात दोन कागद फुकट गेले. 'सनविवि' लिहिलं तर ग्रामपंचायतीची नोटीस वाटते. 'जयभीम' लिहिलं तर तू म्हणशील, काम पडलं म्हणून आठवला. आणि काम पडलंच आहे.

इथून दुसरबीड रस्त्यानं सव्वाशे किलोमीटर. आपण ज्याच्या खाली विमान न्यायचो, तो उपग्रह हे अंतर अठरा सेकंदांत कापायचा. मला सोळा वर्षं लागली, तीही पोस्टानं. तुझ्या दुकानाच्या पाटीवर फोन नंबर असेलच, पण तू 'हॅलो' म्हटल्यावर पुढं काय बोलायचं याची तयारी माझ्याकडं नाही.

मी गावातच ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. जिल्ह्याच्या साप्ताहिकात 'चिमटे' नावाचं सदर चालवतो. ज्यांना चिमटा बसतो ते अंक विकत घेतात आणि ज्यांना बसत नाही ते नाराज होतात. लोक मला 'इमानवाले सर' म्हणतात. प्रयोगशाळेच्या भिंतीवर विमानाच्या शिडीवरचा माझा फोटो आहे. फोटोत तूही होतास, पण चौकट लहान पडली.

तर काम. पुण्याहून मनाली नावाच्या एका मुलीचा मेल आला. मुलगी कसली, चांगली शास्त्रज्ञ आहे, पण पस्तिशीच्या आतलं सगळं आता मला मुलगीच वाटतं. समुद्रावरच्या हवेतले कण आणि ढग मोजायला नवा उपग्रह वर गेला आहे. त्याचे आकडे खरे की खोटे हे पारखायला विमानातून केलेली जुनी मोजणी लागते, आणि त्यात आपलं ते उड्डाण आहे. क्रम लिहितो. चुकला असेल तर सांग.

१२ जानेवारी २००९. गोव्याहून निघून आपण अरबी समुद्रावर तीनशे किलोमीटर आत गेलो. दुपारी दीडच्या सुमारास उपग्रह वरून जाणार होता, म्हणून त्याच्या वाटेच्या बरोबर खाली, ढगांच्या जरा वर, एका रेषेत उडायचं होतं. जाताना हवा निर्मळ. टोकाला वळलो, त्याच उंचीवरून परत फिरलो, आणि येताना काजळी मोजणारा काटा छपराला लागला. उपग्रहाला मात्र तिथं काहीच दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मोहिमेच्या मोठ्या साहेबांनी जाहीर केलं की ढगांवर काजळीचा एक थर आहे, आणि तो इतका पातळ की उपग्रहाला दिसत नाही. त्यावर त्यांचा शोधनिबंध आला. त्या निबंधावर आणखी चाळीस आले. मग उपग्रहाला कमी दिसतं असं गृहीत धरून त्याचे आकडे वर चढवायचा रिवाज पडला.

मनालीला एवढंच हवं आहे की त्या वेळी वारा कुठून होता. विमानातलं वाऱ्याचं यंत्र त्या आठवड्यात दुरुस्तीला होतं. वैमानिक कानातल्या फोनवर वारा सांगायचा आणि मी वहीत लिहायचो. मी नंतर टाइप करून दिलेल्या नोंदीत 'वारा मंद' एवढंच आहे. ती विचारते, मूळ वही आहे का? योगायोगानं दिवाळीच्या साफसफाईत ती माळ्यावर सापडली. अक्षर पुसट झालं आहे. ते उड्डाण यादीत ठेवायचं की काढायचं, हे पंधरा डिसेंबरच्या बैठकीत ठरेल. ठेवलं तर नवा उपग्रहही पुढची वीस वर्षं त्याच्याशी जुळवून घेत बसणार.

तू बैठकीत काहीतरी शंका काढली होतीस, आणि त्यावर थोडी थट्टा झाली होती, इतकं अंधुक आठवतं. तुझी आठवण दोन ओळींत लिहून पाठवशील का? मनालीला दोघांचं म्हणणं एकदमच देता येईल.

तुझा,
अविनाश


धामणगाव बढे
१८ नोव्हेंबर

देवानंद,

तुझं कार्ड मिळालं. 'थट्टा कोणी केली, काय केली, ते आधी लिही.' सबंध पोस्टकार्डावर एवढंच. कार्डाचा गुण असा की ते सगळ्यांचं असतं. आमचा पोस्टमन गोकुळ हातात देता देता म्हणाला, "सर, कोनाची मस्करी केली तुमी?" मी म्हटलं, "जुनी आहे." तो म्हणाला, "जुनी असती तं उत्तर आलं असतं का?" सदर मी लिहितो आणि वाक्यं पोस्टमनला सुचतात.

लिहितो.

उड्डाणानंतर कॅन्टीनमध्ये तू आणि मी एका ताटात खात होतो, कारण दुसरं ताट धुतलेलं नव्हतं. तू पोळी मोडता मोडता म्हणालास, "अबे अविनाश, थो धूर आपलाच होय." मी म्हटलं, "कसा काय बे?" तर तू बोटानं ताटात रस्ता काढलास. म्हणालास, "बाबाच्या टेम्पोत मांगं बसून पाह्य. वारा आडवा असला तं धूर वावरात जाते. वारा रस्त्यानंच असला तं धूर रस्त्यावरच राह्यते. मंग टेम्पो वळवून परत आनला का आपलाच धूर आपल्या नाकात." आणि म्हणालास, "म्हनून तं आपन नेहमी वाऱ्याले आडवं उडतो. आज उपग्रहाच्या रेषेपायी नाही उडलो."

मला तेव्हाच पटलं होतं. हे कार्डात विचारलेलं नाहीस, तरी लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी बैठकीत साहेबांचं झाल्यावर तू उभा राहिलास. नीट बोललास. "सर, ही काजळी आपल्याच इंजिनाची असू शकते." साहेबांनी चष्मा काढला. खोलीत वीसेक माणसं होती आणि त्यातल्या एकालाही काही बोलायची गरज नव्हती. मी बोललो.

"सर, त्याचं मनावर घेऊ नका. त्याच्या बाबांचा टेम्पो आहे. जिथं धूर दिसेल तिथं त्याला घरचाच वाटतो."

अंधुक आठवतं म्हणालो ते खोटं. शब्दन् शब्द आठवतो. विरामही आठवतो, 'टेम्पो आहे'नंतरचा. त्या विरामावर मी खूश होतो.

पोट धरधरून हसले सगळे. साहेब म्हणाले, "बसा, मिस्टर टेम्पो." पुढचे तीन आठवडे, तू काम सोडून जाईपर्यंत, तुला त्याच नावानं हाक मारली गेली. बाकीचे हसले ते टेम्पोला. साहेबांच्या हसण्यात टेम्पो थोडा होता, आणि तुझं सरकटे हे आडनाव कुठल्या वस्तीतून येतं याचा हिशेब जास्त होता. हे मला तिथंच कळलं. कळून मीही हसलो, कारण विनोद माझा होता आणि चालला होता.

टेम्पोची गोष्ट त्या खोलीत फक्त मला माहीत होती. तू मला सांगितली होतीस.

अविनाश


धामणगाव बढे
२७ नोव्हेंबर

देवानंद,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून रविवारी तीन गाड्या बदलून दुसरबीडला आलो. हे तुला कळलं असेल. आई काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नसेल, असं वाटतं. म्हणून लिहितो.

तू कुणाच्या तरी शेतात फवारणीचा पंप दुरुस्त करायला गेला होतास. दुकानात तुझ्या आई, जनकामावशी, बसल्या होत्या, मागं तारेला ओवलेले पितळी नोझल. मी नाव सांगितलं. म्हटलं, देवानंदबरोबर विमानावर होतो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तूच का थो?"

"कोण?"

"जेच्या संगं एका ताटात जेवे." मग म्हणाल्या, "बस. पानी पी आधी. उन्हाचा आला."

देवानंद, मला वाटलं होतं, त्या शिव्या देतील. शिव्यांना माझ्याकडं उत्तरं असतात. त्यांनी मला गूळ-शेंगदाणे दिले आणि विचारलं, लेकरं किती, बायको काय करते. आणि मग, मी न विचारता, बोलल्या. त्यांचे शब्द मी येताना गाडीतच लिहून घेतले. सवय आहे, नोंद ठेवायची.

"पोरगा घरी आला तवा आठ दिस बोलला नाही. नवव्या दिशी बापाले म्हने, टेम्पो इका. बाप म्हने, काऊन बे? चालता टेम्पो काऊन इकू? तं म्हने, धूर लई मारते. आता मानिकराव म्हंजे गाडीले पोटच्या पोरासारखं जपनारा मानूस. त्यानं इंजन खोललं. साफ होतं. पुन्हा लावलं. पोरगा म्हने, तरी मारते. पुन्हा खोललं. तीनदा खोललं बाबा, धूर कुठून निंगते ते पाहाले. नाहीच निंगे. मंग म्हने, पोरगा इतका शिकेल हाय, त्याले दिसत असंन, आपल्याले दिसत नसंन. अन् इकून टाकला."

त्यानंतर माणिकराव दुसऱ्याच्या गाडीवर रोजानं गेले, शेवटपर्यंत. हेही त्यांनीच सांगितलं, जसं कुणी पावसाचं सांगतं तसं.

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू तं शिकेल हाय. तूच सांग. मारे का थो टेम्पो धूर?"

मी म्हटलं, "नाही, मावशी."

"मंग पोरगा खोटं काऊन बोलला?"

मी उठलो. गाडी सुटेल म्हणालो. गाडीला पाऊण तास होता. तो पाऊण तास मी स्टँडवर उभा होतो आणि सोळा वर्षांत प्रथमच माझ्या डोक्यात एकही चुरचुरीत वाक्य आलं नाही.

अविनाश


धामणगाव बढे
७ डिसेंबर

देवानंद,

दुसरं कार्ड आलं. 'आईकडे पुन्हा जाऊ नकोस. वारा काय होता?'

वारा रेषेतच होता. अठरा नॉट वेगाचा.

वहीतल्या पानाची झेरॉक्स सोबत आहे. दुपारी एक पस्तीसची ओळ बघ. वैमानिकाचे शब्द जसेच्या तसे आहेत. अक्षर पुसट नाही. निळ्या शाईचं आहे, स्वच्छ आहे, काल लिहिल्यासारखं आहे. आणि वही दिवाळीत सापडलेली नाही, कारण ती कधी हरवलीच नव्हती. गोव्याहून पुण्याला, पुण्याहून इथं, तीन भाड्याच्या घरांतून ती माझ्याबरोबर आली. मयुरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोनदा ती रद्दीत घातली आणि दोनदा मी काढली. ती विचारायची, एवढं काय आहे त्यात? मी म्हणायचो, आठवणी.

आता राहिलेलं सांगतो. हे कार्डात विचारलेलं नाहीस, पण तुला अंदाज असणार.

उड्डाणाची नोंद टाइप करायचं काम माझं होतं. बैठक संपल्यावर, त्याच संध्याकाळी, मी वही उघडून टाइप करायला बसलो. ती ओळ समोर आली. वारा रेषेतच म्हणजे आपला धूर रेषेवरच तरंगत राहिला आणि परत येताना आपण नाकासमोर त्यात शिरलो. उपग्रहाला काही दिसलं नाही कारण तिथं दिसण्यासारखं काही नव्हतंच. तुझं बरोबर होतं, आणि ते सिद्ध करणारा एकच कागद जगात होता, तो माझ्या मांडीवर.

कुणीही दम दिला नव्हता. साहेबांनी निरोप धाडला नव्हता. नोकरी जाईल अशी भीतीही खरं म्हणजे नव्हती. ती मी नंतर तयार केली, स्वतःला सांगायला. त्या संध्याकाळी कारण एवढंच होतं की दुपारी सगळे माझ्या वाक्यावर हसले होते. ती ओळ टाइप केली असती तर हसण्यासारखा मी ठरलो असतो. म्हणून दिशा गाळून 'वारा मंद' लिहिलं. विनोद टिकावा म्हणून अरबी समुद्रावरचा वारा पाडला. पाच सेकंद लागले.

त्यानंतर मी सदरातून सरपंचाला खोट्या हजेरीवरून झोडपलं, इंजिनिअरला खोट्या मोजमापावरून झोडपलं. लोक म्हणतात, सरांची लेखणी कोणाले भेत नाही. बरोबर आहे. लेखणी भीत नाही.

परवा मयुरीला सगळं सांगितलं. म्हटलं, पुढच्या 'चिमटे'मध्ये हेच लिहितो, स्वतःलाच चिमटा. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तिथं लिहाल तं लोक हसतील."

"मग?"

"मग काही नाही. पुन्हा हसवाल अन् मोकळे व्हाल. जिथं खोटं लिहिलं तिथं जाऊन खरं लिहा ना."

मनालीला पानाची प्रत आज पाठवतो. त्याबरोबर एक टिपण लागेल, काय झालं, कोणी ओळखलं, कोणी दडपलं. त्यात तुझं नाव असावं असं मला वाटतं. पण तुझ्याकडून एक गोष्ट न विचारता घेऊन मी वापरली आहे, दुसरी घेणार नाही. घालू का?

अविनाश


धामणगाव बढे
१६ डिसेंबर

देवानंद,

तिसरं कार्ड बाराला पोचलं. 'नाव घाल. बाबांचंही घाल. टेम्पो गाळू नकोस.'

काल बैठक झाली, संगणकाच्या पडद्यावर. प्रयोगशाळेचं दार लावून बसलो होतो. मनाली होती, तिच्या गटाचे लोक होते, आणि आपल्या वेळचे चौघं. साहेबही होते, आता निवृत्त. पडद्यावर त्यांचं अर्धंच तोंड येत होतं आणि त्यांना ते कोणी सांगत नव्हतं.

मी टिपण वाचून दाखवलं. मधे थांबलो नाही. विराम कुठं घ्यायचा हे मला फार चांगलं कळतं, म्हणून मुद्दाम सपाट वाचलं. संपल्यावर साहेब म्हणाले, "अविनाश, इतक्या वर्षांनंतर हे उकरायची काय गरज होती? विज्ञान पुढं गेलंय."

मनाली म्हणाली, "सर, पुढं गेलं नाही. गेली सोळा वर्षं आपण उपग्रहाचे आकडे या उड्डाणामुळं वाढवून वाचतोय."

आपल्यातल्या एकानं वातावरण हलकं करायला विचारलं, "बाय द वे, टेम्पो असतो कुठं आता?" त्याला दोष देत नाही. ते नाव मीच सगळ्यांच्या तोंडात ठेवलं होतं. मी म्हटलं, "त्याचं नाव देवानंद माणिकराव सरकटे." तो म्हणाला, "अरे हो, तेच." मी म्हटलं, "ते नाही. हे." नंतर कोणी हसलं नाही. माझ्या कामगिरीत असा प्रसंग पहिलाच.

उड्डाण यादीतून काढलं. साहेबांच्या निबंधावर शेरा जाणार. पुण्याच्या संस्थेनं माझ्याकडून लेखी खुलासा मागितला आहे, तो दिला. प्राचार्यांच्या कानावर मीच घातलं. ते म्हणाले, "राहू द्या हो सर, पोरायले काय कळते?" मी अकरावीच्या वर्गात फळ्यावर रेघ काढून सांगितलं, विमान कसं वळलं, धूर कुठं होता, कोणाला कळलं आणि कोणी खोटं लिहिलं. मागच्या बाकावरच्या एकीनं विचारलं, "सर, मग त्यायनं तुम्हाले माफ केलं का?" मी म्हटलं, धडा पुढं घ्या.

मनालीला आणखी एक हवं आहे. उपग्रहाच्या रेषेखाली आपण तशी अजून चार उड्डाणं केली होती. त्यांत हीच गफलत आहे का, हे तपासायला ती तुला विचारू इच्छिते. म्हणाली, "ज्यांना वाऱ्याचा एकही आकडा न बघता कळलं, त्यांनाच विचारायला हवं." तुझा नंबर मागत होती. मी दिला नाही, म्हटलं, त्यांना विचारून सांगतो. तिचा पत्ता आणि नंबर खाली लिहिला आहे.

टिपणाची छापील प्रत सोबत आहे. वीस तारखेनंतर ते उड्डाणाच्या नोंदीला कायमचं जोडलं जाईल, पण दुरुस्त्या महिनाअखेरपर्यंत चालतील. वाचून बघ.

अविनाश


दुसरबीड
२४ डिसेंबर २०२५

अविनाश,

टिपण वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. बाबांचं नाव आलं तिथं तिनं थांबवलं आणि तेवढं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. टेम्पो धूर मारत नव्हता, मी खोटं बोललो होतो, हे तिला काल मी माझ्या तोंडानं सांगितलं. ती म्हणाली, बापाले सांगाले पाह्यजे होतं. ते बरोबर आहे. त्यातलं माझं माझ्याकडे. ते तुझ्या टिपणात येत नाही आणि येऊ नये.

मनालीबाईंशी मी स्वतः फोनवर बोललो. चारही उड्डाणं बघतो म्हणून सांगितलं. त्या उड्डाणांच्या वह्या तुझ्याकडे असतील तर सरळ बाईंना पाठव, माझ्याकडे नको. एखादं पान नसेल तर नाही असं लिही. पुसट आहे असं लिहू नकोस.

टिपणात दोन दुरुस्त्या आहेत. परत येतानाची वेळ एक सत्तेचाळीस, बावन्न नव्हे. झेरॉक्समध्ये दिसते आहे. दुसरी, पहिल्या परिच्छेदात तू 'माझे मित्र देवानंद सरकटे' लिहिलं आहेस. तिथं 'मित्र' खोडून 'सहकारी' केलं आहे.

बाकी मजकूर बरोबर आहे.

देवानंद